गाण्याचा सातबारा कुणाच्या नावावर?

पारोळा तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलंय: ‘आम्ही चार मित्र अहिराणी विनोदाचं यूट्यूब चॅनेल चालवतो. गाजलेल्या हिंदी सिनेमांच्या सीनवर अहिराणी डबिंग करतो, हिंदी गाण्यांच्या चालीवर अहिराणी शब्द बसवतो. बहीण आवडत्या वेबसिरीजमधल्या पात्रांवर स्वतःच्या गोष्टी लिहिते, त्यांची चित्रं काढते. ती टी-शर्टवर छापून आम्ही जत्रेत विकली. चॅनेलला कॉपीराइटचे दोन स्ट्राइक आलेत. वर आम्ही पैसे घालून रेकॉर्ड केलेलं कानबाई देवीचं गाणं सुरतच्या एका चॅनेलने उचललं आणि आमच्याच व्हिडिओवर क्लेम, म्हणजे मालकीचा दावा, टाकला. दुसऱ्याचं किती घेतलं तर चालतं? आणि आमचं कुणी घेतलं तर काय करायचं?’

भाऊ, जळगावच्या कोर्टात माझी पंचवीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी बांधाच्या आणि हिश्शाच्या दाव्यांत. कॉपीराइटची कामं नंतर येऊ लागली. त्यामुळे गाणं म्हटलं तरी माझ्या डोळ्यांपुढे शेतच येतं, आणि खरं सांगायचं तर कायदाही त्याकडे तसाच बघतो. एका गाण्याच्या सातबाऱ्यावर चार-पाच नावं असतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, स्टुडिओत झालेलं ते ठरावीक रेकॉर्डिंग ते करवून घेणाऱ्या निर्मात्याचं. गायक-वादकांचा कलाकार म्हणून हक्क वेगळा. सोबत सिनेमातलं दृश्य लावलंस की सिनेमाच्या निर्मात्याचं नाव आलं. करार होऊन यातले बरेच हिस्से एकाच म्युझिक कंपनीकडे गेलेले असतात, तरी कायद्याच्या लेखी ते वेगळेच राहतात. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्यांनी ठरवलं तरी कंपनीला लिहून देता येत नाही. म्हणून ‘गाणं घेतलं’ असं सांगत कुणी आलं की मी आधी विचारतो, कुठला हिस्सा घेतला?

आता तुझी गाणी. शब्द तू नवे लिहिलेस, तेव्हा गीतकाराच्या बांधावर तू गेला नाहीस. (मूळ ओळीच अहिराणीत आणल्या असशील तर गेलास. भाषांतर करू द्यायचं की नाही, हे मूळ लेखक ठरवतो.) चाल मात्र जशीच्या तशी घेतलीस, आणि माझा अंदाज आहे की कराओके ट्रॅक (आवाजाशिवायचं नुसतं वाद्यांचं रेकॉर्डिंग) नेटवरून उतरवलास. म्हणजे दोन हिस्से गेले. मित्रांनी स्वतः कीबोर्ड आणि ढोलकी वाजवली असती तर रेकॉर्डिंगचा प्रश्न मिटला असता, चालीचा उरला असता. कॉपीराइट पकडणारं यंत्र रेकॉर्डिंग तर ओळखतंच, बऱ्याचदा चालही ओळखतं.

कुणीतरी तुला ‘कव्हर व्हर्जन, म्हणजे जुनं गाणं नव्याने गाऊन केलेलं रेकॉर्डिंग, कायदेशीर असतं’ असंही सांगितलं असेल. कलम ३१-सी मध्ये तशी सोय आहे खरी, पण ती कॅसेटवाल्यांच्या धंद्यासाठी घडवलेली. मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं, आगाऊ नोटीस द्यायची, वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी भरायची, आणि गाण्यात गरजेपलीकडे बदल करायचा नाही. शब्दच बदलले तर ती सोय तुझ्या कामाची नाही.

सेकंदांचा एक हिशेब गावोगाव फिरतो. कुणी म्हणतं सात सेकंद चालतात, कुणी दहा, कुणी तीस. असा आकडा आपल्या कायद्यात कुठेही नाही. उलट २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात संगीतकार राम संपत यांचं प्रकरण झालं. त्यांनी मोबाइलच्या जाहिरातीसाठी केलेली छोटीशी धून ‘क्रेझी ४’ सिनेमाच्या गाण्यांत वापरली गेली होती. धून सेकंदांचीच होती, तरी न्यायालयाने ती गाणी ठेवून सिनेमा प्रदर्शित करायला मनाई केली. शेवटी दोन कोटींवर तडजोड झाल्याचं तेव्हा सगळ्या पेपरांत आलं होतं. जो तुकडा ऐकून माणूस मूळ गाणं ओळखतो, तो गाण्याचा गाभा. विहिरीची जागा दोन गुंठेच असते, पण शेताची किंमत तिच्यावर ठरते.

तुझ्या व्हिडिओंखाली मी एक इंग्रजी मजकूरही पाहिला. कलम १०७, कायदा १९७६. अरे भाऊ, तो अमेरिकेचा कायदा आहे! पारोळ्यात बसून तो टाकणं म्हणजे धुळ्याच्या तहसीलदाराला टेक्सासचा नकाशा दाखवणं. ‘सर्व श्रेय मूळ मालकांना’ ही ओळही तेवढीच निरुपयोगी. श्रेय द्यावंच, तो सभ्यपणा आहे. टीका किंवा समीक्षा करताना तर जरूर द्यावं. पण शेजाऱ्याच्या शेतातला कापूस वेचून ‘कापूस अमुक भाऊंचा’ अशी पाटी गाडीला लावली, तर ती परवानगी ठरत नाही. मला विचारशील तर कबुलीजबाब ठरते.

डबिंगचा मामला जास्त गुंतागुंतीचा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

सिनेमाची फीत कापून तिच्यावर आवाज चढवलास, तर सिनेमाची नक्कल केलीस. कायद्यात सिनेमातल्या एका दृश्याचा फोटो काढणंही ‘नक्कल’ या शब्दात येतं, म्हणजे रोजचे मीम काटेकोरपणे पाहिले तर त्याच रांगेत उभे आहेत. तुझ्या बाजूने एकच दार आहे, कलम ५२ मधला ‘उचित वापर’. आपल्याकडे तो ठरावीक कारणांपुरता आहे: खाजगी वापर आणि संशोधन, टीका किंवा समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. अमेरिकेतलं दार पुष्कळ रुंद आहे, पण तिथल्या कोर्टाचे दाखले इथे मार्गदर्शनापुरते.

विडंबन हा शब्द आपल्या कलमात नाहीच. तरी दार बंद झालेलं नाही. १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयात सिविक चंद्रन यांचा खटला झाला. तोप्पिल भासी यांचं १९५२ चं गाजलेलं मल्याळम नाटक घेऊन, त्यातलीच पात्रं आणि काही संवाद वापरून चंद्रन यांनी त्याला उत्तर देणारं ‘प्रतिनाटक’ लिहिलं होतं. न्यायालयाने तीन गोष्टी तपासल्या: किती आणि काय घेतलं, कशासाठी घेतलं, आणि नवं नाटक जुन्याचं गिऱ्हाईक पळवतंय का. हेतू मूळ नाटकावर टीका करण्याचा होता, नक्कल करून खाण्याचा नव्हता, म्हणून ते उचित ठरलं.

ही कसोटी आता तुझ्या दोन व्हिडिओंना लाव. एकात तुम्ही हिरोच्या भाषणबाजीची खिल्ली उडवता. हा माणूस दहा गुंडांना लोळवतो पण घरी पाण्याची मोटर का सुरू करत नाही, असं त्याची बायको विचारते. तो विनोद त्या सिनेमावरच आहे, मी तो कोर्टात उभा राहून मांडू शकतो. दुसऱ्यात केळीच्या भावावरून व्यापारी आणि शेतकरी भांडतात आणि सिनेमाचा सीन नुसता फुकटचा पडदा म्हणून मागे आहे. विनोद दुसराच जास्त चांगला आहे, रावेरच्या माणसाच्या तर डोळ्यांत पाणी येईल. पण त्या सिनेमाबद्दल तो काहीच बोलत नाही, मग तो सिनेमा कशाला घेतला याचं उत्तर माझ्याजवळ नाही. तो सीन तुम्ही स्वतः शूट करा. एक बैलगाडी, दोन गमछे, काम भागतं.

हे मालेगाववाल्यांना फार आधी सुचलं होतं. जिल्हा नाशिक असला तरी आपल्याला ते शेजारचंच गाव. यंत्रमागावर काम करणाऱ्या पोरांना घेऊन नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ केला, त्यात मूळ सिनेमाची फीत वापरली नाही, सगळं नव्याने चित्रित केलं. कायद्याच्या नजरेने हा फरक मोठा आहे. एका दूरचित्रवाणी मालिकेसारखी दिसणारी साबणाच्या पावडरची जाहिरात आली, तेव्हा २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की सिनेमाची ‘प्रत’ म्हणजे त्याच फितीची प्रत. तसंच दिसणारं दुसरं स्वतः चित्रित केलं तर ती प्रत नव्हे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टायरच्या जाहिरातींच्या वादात वेगळं मत दिलं. आपण मुंबईच्या अखत्यारीत आहोत, म्हणून पहिलं मत आपल्या बाजूचं. पण पटकथा आणि संवादांचे हक्क तरीही वेगळे राहतात. नव्याने चित्रित केलं म्हणून संवाद शब्दशः उचलता येत नाहीत.

बहिणीला सांग, तिचा मार्ग तुझ्यापेक्षा सोपा आहे. कल्पनेवर कुणाचाही हक्क नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या प्रकरणात पक्कं केलं. प्रांतवादावरचं त्यांचं नाटक आणि त्याच विषयावरचा ‘न्यू दिल्ली’ हा सिनेमा, विषय एक, मांडणी वेगळी, म्हणून दावा टिकला नाही. ‘दोन घराण्यांच्या वैरात अडकलेले प्रेमी’ हे कुणीही लिहावं. पण नाव, वेशभूषा, लकबी, सवयी यांनी ठसठशीत झालेलं पात्र ही वेगळी गोष्ट. लहानपणी आपण नागराजची कॉमिक्स वाचायचो, आठवतं? त्याच्यासारखाच हिरवा, सापवाला ‘नागेश’ दुसऱ्या प्रकाशकाने काढला आणि नव्वदच्या दशकात दिल्ली उच्च न्यायालयाने तो रोखला. ‘दबंग’मधला चुलबुल पांडे असा स्वतंत्र संरक्षणाला पात्र ठरू शकतो, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटलं.

तिने गोष्टी लिहाव्यात. वाचकांनी फुकट वाचाव्यात, मूळ संवाद भरू नयेत, ‘ही अधिकृत नाही’ हे वर लिहावं. अशा लिखाणावर सहसा कुणी चिडत नाही, कारण मालकाला ती फुकटची जाहिरात असते. जपानमध्ये तर चाहत्यांनी स्वतः काढलेल्या कॉमिक्सचा मेळा १९७५ पासून टोकियोत भरतो, आणि तिथले प्रकाशक बरंचसं चालवून घेतात. पण चालवून घेणं आणि हक्क मिळणं यांत अंतर आहे. जमिनीवर बारा वर्षं बिनतक्रार कब्जा ठेवला तर काहींना मालकी मिळते. कॉपीराइटमध्ये ती वहिवाट नाही. मालक वीस वर्षं गप्प बसला तरी उद्याच्या नव्या व्हिडिओवर बोलू शकतो.

टी-शर्ट मात्र थांबवा. चित्र तिने काढलं असलं तरी पात्र दुसऱ्याचं, नाव बहुधा ट्रेडमार्क, आणि चेहरा नटाचा. चेहरा-आवाज-लकब यांच्या हक्कांवर अलीकडे न्यायालयं कडक झाली आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अमिताभ बच्चन यांच्यासाठी आणि २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्यासाठी मनाईहुकूम दिले, कपूर यांच्या प्रकरणात तर ‘झकास’ हा शब्दही आला. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करण्याला चाप लावला. तुमच्यातल्या कुणाला मोठ्या गायकाच्या आवाजात अहिराणी गाणं ‘काढायची’ हुक्की आली असेल तर आत्ताच सोडा.

अजून एक हिस्सा कुणाच्या लक्षातच येत नाही. कलम ५७ प्रमाणे लेखकाने हक्क विकले तरी आपल्या नावाला बट्टा लागेल अशी कृतीची मोडतोड थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो. द्वयर्थी अहिराणी शब्द बसवायची आपल्याकडे हौस आहे. मी सोवळा नाही, लग्नात मीही हसलोय. पण एखाद्या भजनाच्या चालीवर ते केलंस तर कंपनी सोड, संगीतकार स्वतः उठेल, आणि गावातली भजनी मंडळी त्याच्याही आधी.

लग्नावरून आठवलं. वरातीत बँडवाल्याने किंवा डीजेने गाणी वाजवली तर परवाना लागत नाही. धार्मिक विधीच्या सवलतीत लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ येतात हे कायद्यातच लिहिलंय, आणि केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. वरातीचा व्हिडिओ गाण्यासकट चॅनेलवर टाकायला ही सवलत पुरत नाही.

मग घ्यायचं काय? पुष्कळ आहे, तेही आपल्याच अंगणात. लेखकाच्या मृत्यूच्या वर्षानंतर साठ वर्षांनी त्याचं लिखाण सगळ्यांचं होतं. भादलीजवळ १९१८ मध्ये गेलेले बालकवी, अमळनेरला शिकवलेले आणि १९५० मध्ये गेलेले साने गुरुजी, यांचं साहित्य मोकळं आहे. बहिणाबाईंचा हिशेब जरा गमतीचा. त्या १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि संग्रह आला १९५२ मध्ये. मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या साहित्याची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणजे त्या संग्रहातल्या कविता २०१२ संपताना मोकळ्या झाल्या. (ही मुदत आधी पन्नास वर्षांची होती, रवींद्रनाथांचे हक्क १९९१ मध्ये संपत आले तेव्हा ती वाढवली गेली.) पण लक्षात ठेव, मोकळे झाले ते शब्द. पुढे संगीतकारांनी त्यांना दिलेल्या चाली आणि गायिकांची रेकॉर्डिंग यांचा सातबारा वेगळा. बहिणाबाईंच्या ओळी घे, चाल स्वतः लाव, आणि मग ती चाल तुझी.

कानबाईची, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, झोक्यावरची, गौराईची गाणी तर कुणा एकाची नाहीतच. पिढ्यान्‌पिढ्या बाया गात आल्या. परंपरेतले शब्द आणि परंपरेतली चाल यांवर सुरतवालाही हक्क सांगू शकत नाही आणि तूही नाहीस. तुझं आहे ते रेकॉर्डिंग, त्यातली तू केलेली नवी वाद्ययोजना, आणि मधे दोन कडवी नवी लिहिली असशील तर ती.

इथेच मला तुझी बाजू भक्कम वाटते. मागे माझ्याकडे आखाजीची गाणी म्हणणाऱ्या बायांचा एक गट आला होता. त्यांनी वर्गणी काढून रेकॉर्डिंग केलं. स्टुडिओवाल्याने मूळ फाईल ठेवून घेतली आणि स्वतःच्या नावाने नेटवर चढवली; नंतर त्यांच्याच व्हिडिओवर त्याचे क्लेम येऊ लागले. त्यातली म्हातारी मला म्हणाली, ‘गानं आम्हनं शे, पैसा त्याले भेटस.’ कागद काहीच नव्हता, सगळा व्यवहार तोंडी. कायदा मात्र ध्वनिमुद्रणाचा निर्माता त्याला म्हणतो, ज्याने ते करण्यात पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली. माइक कुणाचा होता याला महत्त्व नाही. आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. तसा कागद स्टुडिओवाल्याकडेही नव्हता. एकीच्या पिशवीत देवळाच्या प्रसादाबरोबर बारा हजारांची पावती सापडली, तिच्यावर ‘गाणी रेकॉर्डिंग’ आणि गटाचं नाव. त्या पावतीवर नोटीस गेली आणि महिन्याभरात क्लेम उतरले.

तुझे दोन स्ट्राइक. आधी बघ, ते खरंच स्ट्राइक आहेत की क्लेम. क्लेममध्ये व्हिडिओ बहुतेक राहतो, कमाई दुसरा नेतो; त्यावर वाद घातलास की क्लेम करणाऱ्याला उत्तराला तीस दिवस मिळतात. स्ट्राइक म्हणजे काढून टाकण्याची रीतसर मागणी आली. नव्वद दिवसांत तीन झाले की यूट्यूब चॅनेल बंद करू शकतं. रील बघून लगेच प्रति-नोटीस (व्हिडिओ परत लावा, अशी उलट मागणी) भरू नकोस. तीत तुझं नाव-पत्ता समोरच्याला जातो, तू शपथेवर बोलतोस, आणि त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत दावा लावला नाही तरच व्हिडिओ परत येतो. बायकोवाल्या व्हिडिओसाठी मी ती भरेन. केळीवाल्यासाठी नाही, तो काढ आणि नव्याने शूट कर. नव्वद दिवस होईपर्यंत दुसऱ्याची फीत असलेलं काहीही चढवू नकोस.

फौजदारीची भीती किती बाळगायची? कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. विनोदी व्हिडिओसाठी कुणाला आत टाकल्याचं मी माझ्या कामात पाहिलेलं नाही. पण या कलमाचं नाव घेऊन ‘पन्नास हजार पाठवा नाहीतर पोलीस’ असे फोन करणारे पाहिलेत. तसा फोन आला तर पैसे पाठवू नकोस, लेखी मागणी माग. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध तुलाच दावा करता येतो, कलम ६० त्यासाठीच आहे.

सुरतच्या चॅनेलसाठी सुरतला जायची गरज नाही. तू जिथे राहतोस किंवा धंदा करतोस तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा चालतो, ही सोय कायद्याने मुद्दाम दिली आहे. नोंदणी केलेली नसली तरी हक्क असतो. तरी ध्वनिमुद्रणाची नोंदणी दोन हजार रुपयांत होते, पुढच्या गाण्यापासून करत जा. आणि मित्रांमध्येच एक पानभर लिहून ठेवा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, खर्च कुणी केला, वाटणी कशी. आज चौघं एका ताटात जेवता म्हणून तोंडी चालतंय. भावाभावांचे दावे मी तसेच सुरू झालेले पाहिलेत.

येताना मूळ रेकॉर्डिंगची फाईल तारखेसकट आण, स्टुडिओला पैसे दिल्याचा कुठलाही पुरावा आण, यूपीआयचा मेसेज असला तरी चालेल, आणि गाणाऱ्या बायांपैकी दोघींना सोबत घेऊन ये. आखाजीच्या आत ये. नंतर कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते.